बेडरूम प्रायव्हेट केली त्याची गोष्ट

घराला शिस्त कशी लावावी हे कुणाला शिकायचं असेल तर त्याने सरळ माझ्याकडे यावं! असं मी कालपर्यंत छाती फुगवून सांगत होतो.

मी प्रोग्रामर. काम घरूनच, बेडरूमच्या खिडकीशी टेबल टाकून. आणि आमच्याकडे बेडरूमचं दार म्हणजे निव्वळ शोभेची वस्तू! ऐन मीटिंगमध्ये लेक कात्री शोधायला येते. बायको वकील आहे, ती कपाटातली फाईल उपसत "चालू दे तुझं" म्हणते. आईला तर दार असतं हेच मान्य नाही.

एकदा साहेब सगळ्या टीमसमोर माझ्या कोडची चिरफाड करत होते. "अहो, तुमच्या क्लासमध्ये सगळंच पब्लिक! कुणीही येतो, कुठल्याही आकड्याला हात लावून जातो! आतलं आत ठेवायला शिका जरा!" नेमकी तेव्हाच आई कॅमेऱ्यासमोर येऊन उभी राहिली. "अरे, आज पोट साफ झालं का रे?" साहेबांसकट सगळी टीम माझ्या उत्तराची वाट बघू लागली.

त्या दिवशी मी पेटलो!

ज्यांना आमच्या धंद्याचा वारा लागलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. क्लास म्हणजे प्रोग्राममधलं एक घर समजा. घरातल्या ज्या वस्तूवर पब्लिक लिहिलं, तिला कुणीही हात लावावा. प्रोटेक्टेड लिहिलं तर घराने आणि घराच्या वारसांनी. आणि प्रायव्हेट लिहिलं की बाहेरच्याने फक्त मागायचं, द्यायचं की नाही ते आतला ठरवणार! इतकी सोपी व्यवस्था माणसांनी अजून का उचलली नाही, याचं मला नवल वाटायचं.

रविवारी मी दारांना आणि कपाटांना आपोआप लागणारी, बोट टेकवून उघडणारी कुलपं बसवली, ती लॅपटॉपला जोडली आणि सगळ्यांना हॉलमध्ये बसवून नियम वाचून दाखवले. हॉल, स्वयंपाकघर, आईची खोली, बाल्कनी पब्लिक. खाऊचं कपाट प्रोटेक्टेड. बेडरूम प्रायव्हेट.

"आणि मी कोण?" बायकोने विचारलं.

"तू पब्लिक."

"काय?"

"अगं, प्रोटेक्टेडमध्ये फक्त वारस येतो. लेक माझी वारस. तू काही माझ्यापासून झालेली नाहीस!"

"आणि पेपरवाला?"

"तोही पब्लिक."

बायको गप्प बसली. ती अशी गप्प बसली की कोर्टात समोरचा वकील घाम पुसायला लागतो, हे मला तेव्हा आठवायला हवं होतं.

"पण तू तर माझ्यापासून झालायस ना!" आई म्हणाली.

"आई, मुलाचं प्रायव्हेट आईबापाला दिसत नाही. नियमच आहे तसा!"

"कुणा मेल्याने केला?"

बेडरूममधलं काही हवं असेल तर बाहेरचं बटण दाबायचं, वस्तूचं नाव सांगायचं, मी ती दाराच्या फटीतून देणार. एका वेळी एकच! अडीअडचणीला असावं म्हणून टकल्याचंही बोट नोंदवून ठेवलं. टकल्या हा माझा ऑफिसातला दोस्त, मागच्या गल्लीत राहतो. आमच्या धंद्यात एखाद्या परक्याला फ्रेंड जाहीर केलं की त्याला प्रायव्हेटमध्येही थेट प्रवेश मिळतो! हे बायकोला सांगायचं राहून गेलं. खरं म्हणजे मीच राहू दिलं.

सोमवारपासून अंमलबजावणी! लेकीने खाऊच्या कपाटावर दुकान थाटलं. आजीला बिस्किट हवं असेल तर आजीने तिचा गृहपाठ करायचा. शाळेतून निरोप आला की मुलीचं अक्षर अचानक थरथरायला लागलंय! बायको संध्याकाळीच आपली उशी घेऊन आईच्या खोलीत गेली आणि तिथून उठून बटण दाबू लागली.

"कंगवा."

दिला. बसलो. बटण.

"डावा मोजा."

दिला. बसलो. बटण!

"उजवा मोजा."

दमलो, पण तत्त्व म्हणजे तत्त्व!

मंगळवारी दुपारी हॉलमधल्या सोफ्यावर जरा डोळा लागला. जाग आली तेव्हा मी अर्धा जमिनीवर होतो आणि आई माझं बोट धरून मला बेडरूमच्या दाराकडे ओढत होती. "हलू नकोस! गुडघ्याचं तेल तेवढं घेते!"

झालं, मी नियम कडक केला. बाहेरून माझं बोटसुद्धा रद्द! दार उघडणार ते फक्त आतल्या लॅपटॉपवरून. इतकं चोख कोड मी जन्मात लिहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून, टॉवेल गुंडाळून, गाणं गुणगुणत बाहेर आलो. हॉलमध्ये बायकोचा अशील बसला होता. म्हातारा शिंपी. त्याच्या दुकानाच्या खटल्याची आज शेवटची सुनावणी. वकील वेळेवर उभा राहिला नाही तर दुपारपर्यंत दुकानाला जागामालकाचं कुलूप!

"कोट आणि फाईल," बायको म्हणाली. "दोन विनंत्या धर, पण आत्ता दे."

मी ऐटीत बोट टेकवलं. ट्रॅं! लाल दिवा.

"काय झालं?"

"काही नाही. दार फक्त आतून उघडतं."

"आत कोण आहे?"

"लॅपटॉप."

"आणि तू?"

"मी बाहेर आहे. म्हणजे प्रोग्रामच्या दृष्टीने आता मीही पब्लिक."

शिंपी उठून उभा राहिला. "वकीलबाई, म्हणजे या घरात तुमचं, यांचं आणि माझं सारखंच?"

मी दाराला खांदा दिला. दार हललं नाही, टॉवेलची गाठ मात्र सुटली! शिंप्याने चटकन मान फिरवली, पण सवयीने पुटपुटलाच, "कंबर चाळीस."

कुणीच हसलं नाही. "बाई, आख्खा जन्म त्या मशीनवर गेलाय हो," म्हातारा म्हणाला. बायकोने त्याचा हात धरला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या बिचाऱ्याने माझं काय बिघडवलं होतं? आणि तेव्हा आठवलं, टकल्याचं नाव पुसायचं राहिलंय! आईच्या फोनवरून त्याला हाक मारली.

टकल्या तोंडात टूथब्रश घेऊनच धावत आला. "व्हा बाजूला, वहिनी!" त्याने बोट टेकवलं. टुंग! हिरवा दिवा. दार सताड उघडलं.

बायको दाराकडे न बघता टकल्याच्या बोटाकडे बघत होती.

"भाऊजी, तुमच्या बोटाने उघडतं?"

"हो, रविवारपासून! याने सांगितलं नाही?"

"माझ्या बेडरूमचं दार?" ती माझ्याकडे वळली. "पेपरवाल्याबरोबर मी, आणि आत हे?"

मी तोंड उघडणार, एवढ्यात शिंपी मध्ये पडला. "बाई, आधी माझं कोर्ट! मग यांच्यावर खुशाल केस करा, साक्षीला मी येतो!"

ती आत गेली, कोट चढवला, फाईल घेतली आणि जाता जाता माझा लॅपटॉपही काखेत मारला. "पुरावा," एवढंच म्हणाली.

दुकान वाचलं! खरंच सांगतो, माझ्या मनावरचं ओझं उतरलं. संध्याकाळी बायकोने शिंप्याला जेवायला आणलं, टकल्यालाही बोलावलं. लेक बायकोच्या मांडीला मांडी लावून लॅपटॉपवर काहीतरी टिपटिप करत होती. मला वाटलं, अभ्यास! बायको इतक्या गोड आवाजात म्हणाली, "अरे, बाल्कनीतले कपडे काढून आणतोस का?" की मी विरघळलोच. चला, माफी मिळाली! मी लगबगीने बाल्कनीत गेलो. मागे दार लागलं. ट्रॅं!

तेव्हापासून हे सगळं मोबाईलवर लिहीत बसलोय. काचेतून पंगत दिसतेय. शिंपी दुसऱ्यांदा वाढून घेतोय, आईसमोर बिस्किटांचा अख्खा डबा आहे. शेवटी लाज सोडून टकल्याला फोन लावला.

"अरे, बाल्कनी पब्लिक होती ना?" मी ओरडलो.

त्याने आधी घास गिळला. "वहिनी म्हणतात, बटण दाब आणि काय हवंय ते सांग. पण एका वेळी एकच!"

बटण आतल्या बाजूला आहे.