मामांचा कुलर

“आवं वहिनी, कुलर कम्प्युटरला, आन् तुमी बसलाय पुठ्ठ्यानं वारं घेत?”

फाटकापाशी शेजारच्या काकू मामीला विचारत होत्या. मी नुकतीच ऑफिसातून येऊन चपला काढत होते. मामी पुठ्ठा न थांबवता म्हणाली, “माजं डोकं तापलं तर मी बोलून मोकळी हुते. त्ये तापलं की बंदच पडतंय. मग दिवसभर ह्यांचं तोंड बघवत न्हाई.”

नोकरीसाठी साताऱ्याहून सांगलीला, विश्रामबागेत मामांकडे राहायला येऊन मला दीड वर्ष झालं. मामा मूळचे आष्ट्याचे. तिथे ऊस आहे, इथे हे घर आहे. सैन्यात ते वायरलेस दुरुस्त करायचे. आता निवृत्त आहेत, म्हणजे घरातले बाकीचे दमतात.

मामांचा उद्योग असा: कम्प्युटरचा प्रोसेसर कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जोरात पळवायचा. जोरात पळवायला व्होल्टेज वाढवावं लागतं. व्होल्टेज वाढलं की तो तापतो आणि फार तापला की स्क्रीन निळी होऊन सगळं बंद. मग पुन्हा पहिल्यापासून. एवढ्या वेगाचं मामांना करायचं काय? काही नाही. ते त्यावर उसाचा दर बघतात आणि पत्ते खेळतात.

मामांचे वडील गुळव्या होते. गुऱ्हाळात चुलवाणात जाळ किती ठेवायचा, काहिलीतला रस कधी उतरवायचा, हे ठरवणारा माणूस. मामांनी ती विद्या जशीच्या तशी इथे आणली आहे. “पोरी, व्होल्टेज म्हंजे जाळ. कमी घातला तर रस कच्चा, जादा घातला तर गूळ करपला. मधी एक जागा हाय, ती धरायची.” आणि मग ते कॅबिनेटवर तळहात ठेवून डोळे मिटतात. समोर स्क्रीनवर तापमानाचा आकडा असतोच. “नव्वद!” मामा जाहीर करतात. स्क्रीनवर बहुतेक वेळा सत्तर असतात. “सेन्सर मंद हाय,” मामा म्हणतात.

नवा वेग टिकतो का हे बघायला तासभर परीक्षा चालते. तेवढा वेळ घरात मिक्सर, इस्त्री, गिझर काही लावायचं नाही, विजेचा दाब कमी होतो. मामीने तेवढ्यासाठी माळ्यावरचा पाटा खाली काढून घेतला. एकदा मी न विचारता केस वाळवायचं यंत्र लावलं, तर आतून गर्जना आली, “सीझ फायर!” मी ओल्या केसांनीच ऑफिसला गेले.

गेल्या उन्हाळ्यात त्यांनी, गोठ्याच्या खिडकीला लावतात तसं ओलं पोतं कॅबिनेटमागे टांगलं. ते आत ठिबकलं. मग मदरबोर्ड गच्चीवर, मामीच्या कुरडयांशेजारी वाळत पडला. मामीने त्यांच्या हातात काठी दिली. “आता बसा. दोन्हीकडचं कावळं हाकला.”

ते बसलेही.

मी इंग्रजी शाळेत शिकले. घरात बोलायचं तर मला वाक्य आधी मनात जुळवावं लागतं, आणि ते जुळेपर्यंत विषय संपलेला असतो. त्यामुळे या घरात माझ्याकडे एकच काम आलं, फोटो काढायचं. परीक्षा पास झाली की मामा मला हाक मारतात. त्यांचा हात हलतो, म्हणून स्क्रीनचा फोटो त्यांच्या मोबाइलवर मी काढते आणि अभीदादाला पाठवते.

अभीदादा त्यांचा मुलगा, पुण्यात असतो. कम्प्युटर मूळचा त्याचाच. शेतीकडे परत येणार नाही, असं तो एका दिवाळीत म्हणाला. मामा म्हणाले, “मग ह्या उंबऱ्यावर पाय ठिवू नको.” तो निघून गेला, कम्प्युटर राहिला. तेव्हापासून दोघांत एक शब्द नाही. मामांच्या मोबाइलवर वर-खाली नुसते स्क्रीनचे फोटो आहेत. मामांचा वेगाचा आकडा, मग दादाचा, त्याच्या पुण्यातल्या कम्प्युटरचा, थोडा वरचा, मग मामांचा त्याहून वरचा. दादाचा फोटो आला की मामा दिवसभर त्याला शिव्या घालतात आणि दोन भाकऱ्या जास्त खातात.

या उन्हाळ्यात मामांनी चार पॉइंट आठ गिगाहर्ट्झचा वेग गाठला. दादा चार पॉइंट सातवर होता. मी फोटो पाठवला. निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही.

“फोटो हललाय तुजा. परत काढ.”

पुन्हा काढला. पुन्हा खुणा आल्या. आठवडा गेला, दुसराही गेला. मामी म्हणाली, “जिकलाय की. आता तरी कुलर हिकडं फिरवा.” जेवताना मामांनी मोबाइल ताटाशेजारी ठेवायला सुरुवात केली. पत्तेही खेळेनात.

एका रविवारी दुपारी मी उठले तर घर विचित्र शांत होतं. कुलर बाहेर आणलेला होता आणि त्याच्या वाऱ्यात मामी अवघडून बसली होती, दुसऱ्याच्या घरी बसल्यासारखी. मी आत गेले. मामा व्होल्टेज कमी करत होते.

“जाळ जादा झाला माजाच,” माझ्याकडे न बघता ते म्हणाले. “त्याला गाठता येत नसंल. मग त्यानं पाठवायचं तरी काय?” त्यांनी वेग चार पॉइंट सहावर आणला, दादाच्या खाली. कॅबिनेटवर हात ठेवला, पण तापमान सांगितलं नाही. “काढ फोटो. नीट काढ.”

मी नीट काढला, पाठवला. तेवढ्यानं मला बरं वाटेना. गच्चीवर गेले आणि दादाला फोन लावला. मी कुणाला फोन करत नाही. तोही घाबरूनच म्हणाला, “काय झालं? बाबा बरे आहेत ना?”

“बरे आहेत. तू फोटो का पाठवत नाहीस?”

“मुद्दामच थांबलो गं. म्हटलं, एकदा म्हाताऱ्याला जिंकू दे. पण आत्ता हे काय पाठवलंय? कमी का केलं?”

खालून मामांचा आवाज आला, “आलं का गं काय?” दादालाही तो ऐकू गेला असावा. मी वाक्य जुळवत बसले नाही.

“त्यांना जिंकायचं नाहीये, दादा. तू ये, आणि इथे बसून हरव त्यांना.”