उष्टी हळद आणि रफी-किशोर

खारबावच्या केसरीनाथाने मुलीच्या हळदीला हौसेने रफीची कॅसेट लावली, आणि तिथेच चुकला. नवऱ्याची उष्टी हळद घेऊन पूर्ण्याहून आलेले व्याही हिराजीशेठ निघाले किशोरचे भक्त.

"व्याही, बदला ती कॅसेट. हलद हाय का मयत?"

"रफीसाहेब हायत ते! दिलीपला दिलीपचा आवाज, शम्मीला शम्मीचा. डोले मिटून हिरो वलकायचा!"

"मंग त्याचा सवताचा आवाज कुठला? आमचा किशोर बघा! मर्दाचा गला. हसवतो, नाचतो, रडवतोपन."

"माकडचाले नुसते! रफी हात न हलवता गातो. देवमानूस!"

माकड व्याह्याला म्हटलेलं नाही, एवढं कळायला अक्कल लागते. लग्नघरात ती कुणालाच नसते. हिराजीशेठनी हळदीची वाटी उचलली आणि जीपमध्ये जाऊन बसले.

"मी माकड काय? नेतो हलद परत!"

हळद परत गेली म्हणजे लग्न मोडलं. पाटावर बसलेली नवरी उन्नती चिडून म्हणाली, "आई, माझा लगीन रफीशी लावताय का किशोरशी?"

केसरीनाथ माफी मागायला धावला. पण स्पीकर कोकलत होता, म्हणून माफी ओरडून मागावी लागली. ओरडून मागितलेली माफी शिवीसारखीच ऐकू येते. हिराजीशेठनी ड्रायव्हरला खूण केली.

आणि लाईट गेली.

त्या शांततेत ठकुबाईचा आवाज उठला. ठकुबाई म्हणजे लग्नाचे धवले गाणारी धवलारीण. स्पीकरपुढे सकाळपासून तिला कुणी तोंड उघडू दिलं नव्हतं. तिने धवल्यात पहिलंच नाव घेतलं हिराजीशेठचं: 'हलद घेऊन आला गो, हलद घेऊन पलाला.' बाया फिदीफिदी हसल्या. पण धवल्यात नाव आलं की धवला संपेपर्यंत माणूस हलत नाही. जीप बंद झाली.

ठकुबाईने दोन्ही घरांच्या सात पिढ्या गायल्या. आपल्या मेलेल्या आजीचं नाव आलं तेव्हा हिराजीशेठ जीपमधून उतरले, ओटीवर बसले, उपरण्याने डोळे पुसले आणि वाटी आपल्या हाताने विहिणीला दिली.

आठ-आठ तास लाईट घालवणाऱ्यांना रोज आईमाईवरून शिव्या देणाऱ्या केसरीनाथाने त्या दिवशी त्यांना हात जोडले. मग ठकुबाईच्या पायांवर डोकं ठेवलं.

"काकी, लेकीचा लगीन वाचवलास. उपकार फिटायचे न्हाय."

हिराजीशेठही सरसावले. "काकी, आता तूच सांग. रफी मोठा का किशोर?"

ठकुबाईने पान गालात सरकवलं.

"दोघंव गुनाची पोरं. पन लाईट गेल्यावर काय करतान रं?"