महाशिवरात्रीची बिनधान्याची बिस्किटं

२०२३ साली महाशिवरात्र शनिवारी आली होती. त्या दिवशी मसुऱ्याजवळच्या एका लहानशा वाडीत महादेवाची पालखी देवळातच राहायची वेळ आली, ती एका डबाभर बिस्किटांमुळे.

बिस्किटं केली होती तुळसाकाकीनं, पण ती होती तिच्या कुत्र्यासाठी. पिल्लू असताना त्यानं कोळणीच्या पाटीतून बांगडा पळवला, तेव्हापासून त्याचं नाव बांगडो. आदल्या दिवाळीत बांगडोच्या पाठीवरचे केस झडले आणि तो दिवसभर स्वतःला ओरबाडू लागला. कणकवलीच्या जनावरांच्या डॉक्टरांनी त्याला तपासलं.

"याला धान्य सोसत नाही. भात, भाकरी, चपाती, सगळं बंद."

"मगे खातलो काय तो?" काकीनं विचारलं.

"ते तुम्ही बघा, आजी."

काकीनं बघितलं. कॉलेजात शिकवणाऱ्या सुनेनं, विनीतानं, तयार खाण्याची महागडी पिशवी आणली होती, पण बांगडोनं ती हुंगली आणि फणसाखाली जाऊन पाठ फिरवून बसला. पंचेचाळीस वर्षं सोमवार, संकष्टी, एकादशी करणाऱ्या बाईला धान्यावाचून रांधायला कुणी शिकवावं लागत नाही. तिनं रताळी उकडून कुस्करली, त्यात खवलेला नारळ आणि दोन अंडी घातली, आणि काकडीचं धोंडस भाजायच्या जाड टोपात त्याच्या वड्या लावून खाली मंद आच, वर झाकणावर करवंट्यांचे निखारे ठेवले. पहिला घाणा दगडासारखा झाला, दुसरा करपला. तिसऱ्या घाण्याला बांगडोनं शेपटी हलवली. तीन महिन्यांत त्याचे केस असे भरून आले, की डॉक्टरांनीच काकीकडे कृती मागितली. काकीनं ती तोंडी सांगितली, आणि निखारे कितपत लाल हवेत हे सांगायला अर्धा तास घेतला.

काकी घरी नसली तर कुत्र्याला कुणी फार देऊ नये, म्हणून विनीतानं डब्यावर कागद चिकटवला होता: 'रताळं, खोबरं. धान्य अजिबात नाही. दिवसाला दोनच.' अंड्याचं लिहिलं नाही. घरात सगळ्यांना ठाऊकच होतं.

शिवरात्रीला सकाळीच काकी देवळात बेलाच्या माळा करायला गेली. मागल्या दारानं तिचा वेगळा राहणारा दीर धोंडू उपासाचं काही मिळतंय का बघायला आला. धोंडू म्हणजे वाडीच्या पालखीचा पुढचा खांदा. एकेचाळीस वर्षांत त्याचा एकही उपास मोडला नव्हता, आणि वाडीचा नियमच होता, उपास मोडलेल्यानं पालखीला खांदा द्यायचा नाही. धोंडूनं डबा बघितला, कागद वाचला आणि वहिनीच्या दूरदृष्टीनं त्याचे डोळे भरून आले. दोन खाल्ली. मग आणखी दोन. मग त्याला बाकीच्या सात खांदेकऱ्यांची आठवण झाली.

दुपारी काकी घरी आली, तर डब्याची फळी रिकामी. शेजारची सावित्री कुंपणावरून म्हणाली, "भावजी घेवन गेले गो डबो. म्हणा होते, वयनीन सगळ्यांच्या उपासाची सोय केल्यान."

काकीनं कुंपणाशी येऊन आवाज खाली केला. "सावित्री, त्येत अंडी आसत गो."

"अगो बाये!" सावित्रीनं पदर तोंडाला लावला. "आणि ती कुत्र्याची..."

"कुत्र्याचा ऱ्हवांदे. अंड्याचा बोल."

दोघी देवळाकडे धावल्या. सभामंडपात आठही खांदेकरी भिंतीला टेकून तृप्त बसले होते. डबा पालथा पडला होता. बांगडो धोंडूच्या समोर बसून पुढचा पाय वर करून टक लावून बघत होता.

"वयनी," धोंडू गहिवरून म्हणाला, "उपासाचा खाणा असा होया! गोड नाय, खारट नाय, जिभेचे चोचले नाय. आणि ह्या बघ, तुझो कुत्रोय उपास करता. दुसरा कायएक दिलंय तर हुंगणा नाय, ह्या मात्र मागून खाल्ल्यान."

"किती खाल्लात भावजी?"

"मी नऊ. हेंका पाच-पाच गावली."

सावित्रीनं काकीचा दंड धरून तिला खांबाआड ओढलं. "गप रव. कोणाक कळता? हसत पालखी उचलतले आणि हसत घराक जातले."

"देवाक कळता."

"देव काय डब्यावरचो कागद वाचूक येतलो?"

धोंडूची एकेचाळीस वर्षं काकीनं स्वतः बघितली होती. तापात फणफणतानाही तो पाण्यावर राहिला होता. हे सांगितलं तर त्याचा मान जाणार; नाही सांगितलं तर त्याला फसवून त्याच्या खांद्यावर देव द्यायचा. ती मंडपात जाऊन उभी राहिली.

"भावजी, ती बिस्किटां बांगडोची होती. आणि त्येत अंडा आसा."

एका खांदेकऱ्यानं मिशीत अडकलेला खोबऱ्याचा कण हळूच काढून खिशात ठेवला. धोंडूचा चेहरा पडला.

"एकेचाळीस वर्सां," तो एवढंच म्हणाला.

"चूक माझी," काकी म्हणाली. "बोलाचा तां माका बोला."

"तुका काय बोलू? नऊ मी खाल्लंय. कागदावर दोनच लिवलेला होता."

देवळाचा गुरव घाईला आला होता. "तां सगळा उद्या बोला. दिवे लागणीक पालखी भायर पडाक होयी. कोण उचलतलो? उपास कोणाचो शाबूत आसा?"

मग सावित्री खांबाआडून पुढे आली.

"आमचो आसा."

"तुमचो कसो?"

"तुम्ही आठ जणांनी डबो चाटून पुसून साफ केलात. बायकांका एक तुकडो तरी ठेवलात काय? मगे मोडतलो कसो?"

गुरवानं डोकं खाजवलं. "बायका आजपर्यंत..."

"नियम काय आसा?" काकीनं विचारलं. "उपास मोडललो नको, इतक्याच ना?"

"इतक्याच. पण..."

"मगे सर बाजूक."

दिवे लागले तेव्हा आठ बायकांनी कासोटे घालून पालखी उचलली. पुढचा खांदा तुळसाकाकीचा. तीन प्रदक्षिणा झाल्या आणि पालखी एकदाही कलली नाही. धोंडू शेजारून चालत "वळताना डावीकडे दबा, डावीकडे!" असं ओरडत होता. तिसऱ्या फेरीला त्याच्या लक्षात आलं की बायका त्यानं सांगायच्या आधीच दबत होत्या. मग तो गप्प झाला, आणि वहिनीच्या पायाखाली खडा येऊ नये म्हणून पुढे चालत वाट झाडू लागला.

पुढच्या वर्षी खांदे वाटून घेतले गेले, पुढे बायका, मागे पुरुष. सावित्रीनं स्वतःचा खांदा कुणाला सोडला नाही. विनीताला बाळ झालं, आणि रजा संपवून ती कॉलेजात परत रुजू झाली. ती अजूनही डब्यांवर कागद चिकटवते, पण आता अगदी हळदीच्या डब्यावरसुद्धा आत काय आहे ते सगळं लिहिते. गुरव निवृत्त होऊन लेकाकडे विजयदुर्गला गेला. बांगडो गेल्या पावसाळ्यापर्यंत जगला आणि दाट, चकचकीत केसांनिशी फणसाखाली झोपेत गेला.

धोंडू आता शिवरात्रीला फक्त पाण्यावर राहतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मागल्या दारानं येतो आणि आवाज खाली करून विचारतो, "वयनी, कुत्र्याची आसत काय?"

घरात आता कुत्रा नाही. काकी टोपावरचे निखारे बाजूला करते आणि म्हणते, "बसा भावजी. गरम आसत."