पास्कल अंकलचं तीस साल

"नेपच्यूनच्या पलीकडे आणखी एक ग्रह सापडलाय," पास्कल अंकल लिफ्टमध्ये म्हणाले. "गरम आहे, घे."

गेल्या वर्षीचा मार्च महिना, गुरुवारची सकाळ, दुबईच्या अल कुसैसमधली आमची बिल्डिंग. मी अर्धवट झोपेत होतो. ऑफिसात पोचलो आणि बॉस मीटिंगला येईपर्यंतच्या पाच मिनिटांत ही बातमी सगळ्यांना देऊन टाकली. वर स्वतःची दोन वाक्यंही जोडली, की शास्त्रज्ञांना बरेच दिवस संशय होताच वगैरे. आमच्या इजिप्शियन अकाउंटंटनं तर मुलाला सांगायला म्हणून लिहूनही घेतलं. संध्याकाळी तीच बातमी मोठ्या थाटात लेकीला सांगितली, तर फोनमधून डोकं वर न काढता ती म्हणाली, "बाबा, दॅट्स प्लूटो. अँड इट्स नॉट इव्हन अ प्लॅनेट एनीमोअर."

मी तणतणत शेजारचं दार वाजवलं. अंकलनी मला शांतपणे स्वयंपाकघरात नेलं. भिंतीवर पिवळं पडलेलं, कडा कुरतडलेलं एक कॅलेंडर होतं. साल एकोणीसशे तीस.

"बघ. आजचा वार बघ. गुरुवार. तारीख तेरा. तुझ्या मोबाइलात काय आहे?"

मोबाइलातही गुरुवार आणि तेराच होती.

पास्कल अंकल वसईचे. दुबईतल्या एका मोठ्या हॉटेलात बेकरीचे मुख्य शेफ. वय एकोणसाठ, इथे येऊन तीस-बत्तीस वर्षं झालेली, लग्न राहून गेलं ते राहूनच गेलं. हे कॅलेंडर त्यांना आईच्या पेटीत सापडलं होतं. त्यातले सगळे वार दोन हजार पंचवीसशी जुळतात हे कळल्यावर त्यांनी त्याच्या पुढची पायरी गाठली, म्हणजे ते त्या सालात राहायलाच गेले. रोज रात्री जुन्या वर्तमानपत्रांच्या फोटोंमधून दुसऱ्या दिवसाची बातमी शोधायची आणि सकाळी भट्टीतून काढल्यासारखी वाटायची. बातमी पंचाण्णव वर्षांची असली तरी त्यांच्या लेखी ती गरमच.

प्लूटोला पुढे ग्रहांच्या यादीतून काढलं, हे मी त्यांना जरा सूड म्हणूनच सांगितलं. ते दोन दिवस खिन्न होते. "इतकी वर्षं सर्व्हिस केली त्यानं," म्हणाले, "आणि खलास? ना नोटीस, ना ग्रॅच्युइटी?"

पण या वेडाला एक कारण होतं, आणि ते त्यांनी त्या पहिल्याच संध्याकाळी कॅलेंडरातल्या एप्रिलवर बोट ठेवून मला सांगितलं. त्यांची आई तीस सालच्या गुड फ्रायडेची. वसईत तिचा वाढदिवस तारखेनं कधी धरलाच नाही, गुड फ्रायडेलाच धरला. आता त्या दिवशी देवळाच्या घंटासुद्धा मुक्या असतात, घरात उपास, माणसं काळ्या कपड्यांत. तिथे कसला केक आणि कसलं गाणं? म्हातारीला आयुष्यात कुणी 'हॅपी बर्थडे' म्हटलं नव्हतं. आणि जगभरच्या लोकांच्या वाढदिवसाचे केक करणारा तिचा मुलगा त्या दिवशी कधीच घरी नसायचा, कारण ईस्टरचा आठवडा म्हणजे हॉटेलच्या बेकरीत मरायला फुरसत नाही.

"यंदा तारीख अठरा, वार शुक्रवार, आणि गुड फ्रायडे. तिघं एकत्र आलेत, कुलकर्णी. पुढच्या वेळी येतील तेव्हा ती नसेल. मीपण नसेन. मला फक्त त्या दिवशी तिच्या खाटेजवळ बसायचंय."

"मग रजा टाका," मी म्हणालो. "फॉर्म मी भरतो."

आपल्याला कुणी सांगितलं होतं? पण मी लोकांचे फॉर्म भरण्यात स्वतःला तज्ज्ञ समजतो. आमच्या मजल्यावरचे निम्मे व्हिसा माझ्या इंग्रजीवर निघालेत, अशी माझी समजूत आहे. अंकलना हॉटेलचं नवं रजेचं ॲप जमत नव्हतं. दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन घेऊन मी कारणाच्या रकान्यात असं काही लिहिलं, की वाचून दगडालाही पाझर फुटावा. तारखा भरल्या, हिरवी खूण आली, मी चहा मागितला.

त्यानंतर दांडीयात्रा सुरू होतीच. रोज सकाळी लिफ्टमध्ये ती कुठवर आली ते कळायचं. वॉचमन हमीदभाई इतके गुंतले होते, की एक दिवस अंकल लवकर ड्यूटीला गेले तर त्यांनी मलाच अडवून विचारलं, "साब, वो लोग समंदर तक पहुँचे क्या?" मी बेधडक म्हणालो, इन्शाल्ला, परवा. माझी बायको एकदा आमटीत मीठ टाकताना थबकली आणि म्हणाली, कायदा अजून मोडायचाय ना? घरातली सगळी हळूहळू तीस सालात मुरत चालली होती, आणि आपण फार सुधारलेल्या सालात आहोत असं मलाच तेवढं वाटत होतं.

सहा एप्रिलला मीठ उचललं गेलं. सात तारखेला अंकलना त्यांच्या मॅनेजरनं बोलावलं.

मॅनेजर लेबनीज बाई, स्वभावानं चांगली. तिनं स्क्रीन त्यांच्याकडे वळवली आणि म्हणाली, "हबीबी, धिस लीव्ह इज फिनिश्ड लाँग टाइम बॅक." रजा सतरा एप्रिल ते बावीस एप्रिल, साल एकोणीसशे तीस. सालाचा आकडा हातानं टाइप करायचा होता, आणि तो मी टाइप केला होता. ॲपनं कुरकुर न करता घेतला आणि पंचाण्णव वर्षांपूर्वी संपलेली रजा म्हणून जुन्या अर्जांच्या ढिगाऱ्यात तळाशी ढकलला. तिला तो सापडेपर्यंत बेकरीतल्या दोघांच्या ईस्टरच्या रजा मंजूर झाल्या होत्या. तिसरा माणूस सोडता येत नव्हता. तिनं खरोखर प्रयत्न केला, असं अंकलनीच सांगितलं.

मी त्यांच्यासमोर मान खाली घालून बसलो. मॅनेजरला भेटतो म्हणालो, त्या दोघांच्या पाया पडतो म्हणालो. अंकलनी पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तू बरोबरच भरलंस रे. मला तिथंच जायचं होतं."

त्यापेक्षा त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर मला रात्री झोप लागली असती.

त्यानंतर लिफ्टमधल्या बातम्या थांबल्या. अंकल पहाटे जायचे, दुपारी यायचे, बोटांना चॉकलेटचा वास. मी चार वेळा दारापर्यंत जाऊन परत फिरलो.

अठरा एप्रिलच्या दुपारी बायकोनं मला ढकललंच. दार उघडं होतं. अंकल ड्यूटीवरून नुकतेच आले होते, अंगावर पांढरा कोट तसाच. उपास होता, समोर नुसतं पाणी. त्यांनी मला बसायची खूण केली.

"आजची बातमी माहितेय तुला?" ते हळू आवाजात म्हणाले. "आज लंडनच्या रेडिओवर माणूस बातम्या द्यायला बसला आणि म्हणाला, आज बातमी नाही. आणि पियानो लावला. मी महिनाभर शोधतोय, तिच्या दिवसाला काय सांगू म्हणून. तर हे."

मला माहीत होतं, की त्याच रात्री चितगावला क्रांतिकारकांनी शस्त्रागार लुटलं होतं. मीही आता चोरून वाचायला लागलो होतो. पण मी बोललो नाही. निदान एवढी अक्कल मला तोपर्यंत आली होती.

मग त्यांनी वसईला व्हिडिओ कॉल लावला. बहिणीनं फोन खाटेजवळ धरला. उशीवर लहानसा चेहरा, पांढरे केस, डोळे कुठेतरी छताकडे. बहीण आम्हाला म्हणाली, सकाळपासून कुणाला ओळखत नाही, पण रोजची बातमी मागतेय. तेव्हा मला कळलं, की लिफ्टमध्ये आम्हाला मिळायची ती उरलेली. पहिली रोज तिकडे जायची.

"पास्कल बोलतोय, आय."

ओळख पटल्याचं काही दिसलं नाही. म्हातारी म्हणाली, "आज काय झालं?"

अंकलनी कोटाची वरची गुंडी लावली. उठून उभे राहिले.

"आज एकच बातमी हाय, आय. आनासला मुलगी झाली. दोघी बऱ्या हायेत."

आनास म्हणजे अंकलची आजी, म्हातारीची आई, हे मला नंतर कळलं. म्हातारीची नजर छतावरून खाली आली आणि फोनवर स्थिर झाली. ओठ हलले.

"तिच्या बापाला कळवलं का? तो मिठागरावर गेलाय."

"कळवलंय, आय," पास्कल अंकल म्हणाले. "निघालाय तो. वाटेत हाय."