मेघालीचं सविस्तर उत्तर

सागर समोरच्या टेबलावर बसून मेघालीला काहीतरी लांबलचक लिहीत होता, मधेच स्वतःशी हसत होता, आणि ते बघून धनेशच्या पोटात दुखायला लागलं होतं.

दापोड्याच्या या गोदामात शिरताना फाटकावर मोबाइल जमा करावा लागतो. त्यामुळे कामाचं असो की मनातलं, सगळं ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून लिहायचं. मेघाली रस्त्यापलीकडच्या नव्या गोदामात बिलं करायची. दोन्ही गोदामांचं नेटवर्क जोडून ठेवणं हे धनेशचं काम. इकडे जाड वायर, तिकडे जायला मात्र गच्चीवरच्या अँटेनातून हवेतली वाट, आणि ती अरुंद. कंटेनरचा माल गल्लीत न्यायचा तर टेम्पोंमध्ये फोडून नेतात. तसाच मोठा संदेश अलीकडे फोडायचा, तुकड्यांवर नंबर टाकायचे आणि पलीकडे पुन्हा जुळवायचा.

त्याच सकाळी फाटकावर धनेशने हिंमत करून तिला लग्नाचं विचारलं होतं. "आता ड्युटीला उशीर होतोय. सविस्तर लिहिते," एवढं बोलून ती पळाली होती. आणि आता हा सागर!

"काय लिवतोयस रे एवढं?"

"कापडाच्या फाटक्या ताग्यांचे फोटो धाडतोय. सोबत एक गंमत. लय हसते ती!"

हे ऐकून धनेशचा जळफळाट झाला. त्याने सेटिंग उघडली आणि दोन्ही बाजूंचं फोडणं-जुळवणं गुपचूप बंद करून टाकलं. छोटे संदेश जात राहिले, मोठे जागच्या जागी अडकले. मेघालीचं सविस्तर उत्तरही याच वाटेने यायचंय, हे त्या रागात त्याच्या डोक्यातच आलं नाही.

फोटो जाईनात तेव्हा सागर उठला. "जाऊ दे, मीच दाखवून येतो." तो गेला तो चहा पिऊनच आला. मग काय, दर फाटक्या ताग्याला सागर रस्ता ओलांडू लागला. धनेशला वाटलं, याच्यापेक्षा फोटो परवडले.

दुपारी मेघालीचा संदेश आला, "मग?"

खिडकीतून ती सागरसोबत चहा पिताना दिसली होतीच. धनेशने फणकाऱ्याने लिहिलं, "मग काय?"

"एवढंच?"

"हो. एवढंच."

"बरं."

संध्याकाळी ती त्याच्याकडे न बघता पडघ्याच्या रिक्षात बसली. घरी वडिलांसमोर तिला फोनवर बोलायची सोय नव्हती. सागरच्या गमतीपुढे आपण फिके पडलो, असं मानून धनेश रात्रभर कुढत राहिला.

दुसऱ्या दिवशी मालक महादूशेठ ओरडतच आत आले. "आरं, कालपास्नं पलीकडनं बिलं येत न्हायत! गाड्या उभ्या हायत माझ्या! धनेश, झोपलास का?"

सागरने पुढे होऊन नुसतं 'नमस्कार' पाठवून बघितलं. गेलं. मग बिल पाठवलं. अडकलं. "शेठ, छोटं जातंय, मोठं नाय जात. सेटिंग बघू का?"

धनेश घाईघाईने मधे पडला. "सेटिंग कशाला? अँटेनाची वायर ढिली असंल. तू गच्चीवर जा, हलवून बघ!"

सागर वर गेला. धनेशने झटकन सेटिंग पूर्ववत केली. अडकलेली बिलं आली, आणि त्यांच्यामागून मेघालीचं पानभर उत्तर आलं. तिचा होकार होता. शेवटी लिहिलं होतं, "रविवारी मामा एक स्थळ घेऊन येतोय. तुझं नक्की असेल तरच मी घरी बोलते. नाहीतर त्यांना येऊ दे."

धनेश धावत रस्ता ओलांडून गेला. "माझं नक्की हाय! तुझं उत्तर आत्ता आलं गं, लाइन बंद होती!"

मेघाली आधी रागाने बघत राहिली, मग तिचे डोळे भरून आले. "मला वाटलं, तुला नकोच हाय. बरं झालं सागरने वायर हलवली. शेठनी आत्ताच लिहून कळवलं, काय डोकं हाय त्याचं!"

धनेशने तोंड उघडलं. सेटिंग मी चालू केली, असं सांगायचं तर ती बंद कोणी केली हेही सांगावं लागणार होतं. त्याने तोंड मिटलं.

"काय रे? हुशार नाय का तो?"

"हाय ना," धनेश कसाबसा म्हणाला.

"मग ऐक. रविवारी बाबांशी आपली बोलणी करायला मध्यस्थ म्हणून त्यालाच आण. जुळवायला तसाच माणूस लागतो."

धनेशने मान हलवली आणि सागरसाठी स्वतः चहा सांगायला निघाला.