साठ सेंटिमीटर

मार्गिटचं म्हणणं सत्तावीस फुटांची घ्यावी आणि सिगवर्दचं म्हणणं छत्तीस फुटांची. शिडाच्या दोन्ही बोटी जुन्या होत्या, दोन्ही चांगल्या राखलेल्या होत्या आणि दोन्ही मालकांना रविवारपर्यंत उत्तर हवं होतं.

"छत्तीस फुटांत ताठ उभं राहता येतं," सिगवर्द म्हणाला. "झोपायच्या दोन खोल्या आहेत. झालंच तर ओव्हनसुद्धा आहे!"

"ओव्हन पेटवणार कोण?"

"कोण म्हणजे? तू!"

"तेच म्हणतेय मी. चौतीस उन्हाळे तू सुकाणू धरलंस आणि मी खाली बसून बटाटे सोलले. छोटी मला एकटीला झेपेल. मला सुकाणू धरायचंय, सिगवर्द. पासष्टी उलटली माझी, आता नाही तर कधी?"

हे सगळं त्याच्या कानावर पडलं, पण डोक्यात त्या वेळी रुंदी घोळत होती. बेटावरच्या बोट-क्लबात त्यांची बोट लावायची जागा तीन मीटर रुंद. मोठी बोट घ्यायची तर साडेतीनच्या पुढची जागा हवी आणि त्यासाठी अकरा वर्षांची रांग. तोवर तो अठ्ठ्याहत्तरचा झाला असता.

गुरुवारी दुपारी तो पाना घेऊन धक्क्यावर गेला. बोटी अजून किनाऱ्यावर ताडपत्रीखाली होत्या, पाणी रिकामं होतं. दोन जागांच्या मध्ये धक्क्याला जोडलेला एक लोखंडी दांडा असतो. त्यानं आपल्या आणि शेजारच्या बेंग्तच्या जागेमधल्या दांड्याचे नट सैल केले, दांडा साठ सेंटिमीटर बेंग्तकडे सरकवला आणि नट पुन्हा आवळले. घरी येऊन त्यानं तीनदा हात धुतले.

शुक्रवारी बेंग्तनं आपली जागा मोजली आणि डोकं खाजवलं. सिगवर्दला तोंडावर विचारायचं? छे! वीस वर्षं शेजारी असलेल्या माणसाला असलं काही विचारलं, तर पुढची वीस वर्षं दोघांना खाली मान घालून हिंडावं लागलं असतं. त्यापेक्षा त्यानं पलीकडचा दांडा साठ सेंटिमीटर सरकवला. त्याच्या पलीकडच्यानंही तेच केलं. भांडण नाही की तंटा नाही, शनिवारी संध्याकाळपर्यंत ती साठ सेंटिमीटरची तूट अगदी सभ्यपणे सहा जागा ओलांडून शेवटच्या जागेत जाऊन पोचली. त्यापुढे दगडी भिंत होती आणि शेवटची जागा हेल्गेची होती. हेल्गे बंदराचा प्रमुख.

रविवारी वसंतातल्या साफसफाईला सगळे जमले. दालचिनीचे पाव वाटून होतात न होतात तोच हेल्गे टेप घेऊन उभा राहिला.

"माझी जागा तीन मीटर साठ होती. आज तीन आहे. सिगवर्दची तीन होती. आज तीन साठ आहे. मधल्या सगळ्यांच्या बरोब्बर. कोणाला काही सांगायचंय?"

सगळे आपापल्या कपात बघू लागले. सिगवर्दचे कान लालबुंद झाले.

"यंदा बर्फ फार होता," बेंग्त हळूच म्हणाला.

"हो, हो, बर्फच!" सातही जण एका सुरात म्हणाले. "बर्फ काहीही सरकवतो!"

"वा रे बर्फ!" हेल्गे म्हणाला. "आधी नट सोडवतो, दांडा हलवतो, मग नट आवळून देतो. फार शिस्तीचा बर्फ."

कोणी हसलं नाही. सगळे सात दांडे पुन्हा हलवायचे म्हणजे कोणी हलवले तेही निघणार. शेवटी हेल्गेनंच उसासा टाकला. "राहू दे. माझी बोट सव्वातीनची, ती सिगवर्दच्या जागेत बसेल. नियम नियम आहे, बोटीच्या मापाची जागा. राहिली माझी तीन मीटरची. ती ज्याची जागा मी घेतली त्याची. तुमची नवी बोट किती रुंद आहे, सिगवर्द?"

सिगवर्दनं तोंड उघडलं. पण बोट अजून घेतलीच कुठे होती? आणि मोठीची रुंदी, सव्वातीन, सांगावी, तर साठ सेंटिमीटर कोणासाठी सरकले ते आख्ख्या क्लबाला कळलं असतं.

"दोन मीटर साठ," मार्गिट म्हणाली. "सत्तावीस फुटी."

"कधी घेतली?" सिगवर्द पुटपुटला.

"घेते ना आत्ता," असं म्हणून तिनं सगळ्यांसमोर छोट्या बोटीच्या मालकाला फोन लावला.

सिगवर्द तीन आठवडे फुगून बसला होता. ज्यासाठी चोरी केली ती जागा हेल्गेच्या पदरात पडली, हे त्याला काही केल्या पचत नव्हतं. मे महिन्यात बोट पाण्यात उतरली, तेव्हा मार्गिट सरळ मागे जाऊन सुकाणू धरून बसली आणि तो तोंड पाडून तिच्यासमोर, पाठ वाऱ्याला करून. शिडात वारा भरला. बोट कलली. मार्गिटनं डोळे बारीक केले आणि ती मोठ्यांदा हसली.

सिगवर्द बघतच राहिला. चौतीस उन्हाळ्यांत शीड भरताना ती कायम खाली असायची. तिचा हा चेहरा त्यानं कधी पाहिलाच नव्हता. आपण किती मूर्ख, असं त्याला अगदी मनापासून वाटलं.

"मार्गिट," तो घसा खाकरून म्हणाला, "तू..."

"नंतर बोल," मार्गिट म्हणाली. "आधी दोरी ओढ."

त्यानं दोरी ओढली.