ब्रेकवर चालणारी गाडी

गाडी सुरू होईना, हे कळल्यावर डॉक्टरांना मनातून आनंदच झाला.

ते खरे डॉक्टर नव्हते. पाणीपुरवठा खात्यात कारकून होते. पण ऑफिसातला पंखा, झेरॉक्सचं मशीन, साहेबांचा कूलर, काहीही आजारी पडलं की सर्वांत आधी तिथं पोचून निदान सांगायचे, म्हणून मंडळी त्यांना डॉक्टर म्हणायची. निदानानंतर यंत्र सहसा दगावायचं. पण त्याला ते 'उशिरा दाखवलं' असं म्हणत.

बायको मात्र खरीखुरी नर्स होती. नव्या हॉस्पिटलात सकाळची पाळी मिळाली होती, तिथं त्या वेळी बस जात नव्हती, म्हणून ती गाडी शिकली होती. आज तिची लायसन्सची परीक्षा होती. ही तारीख चुकली तर पुढची दोन महिन्यांनी, आणि हॉस्पिटल तितके दिवस थांबणार नव्हतं.

"रिक्षानं जाऊ या का?" तिनं विचारलं.

"परीक्षा काय रिक्षात बसून देणार आहेस? मी आहे ना!" डॉक्टरांनी बाह्या सरसावल्या. "स्टार्टर फिरतोय, म्हणजे बॅटरी ठणठणीत. पेट्रोल आहे. ठिणगी पडत नाहीये. म्हणजे किल्लीचा स्विच गेला. सरळ आहे."

"बॉनेट उघडून बघा तरी."

"बघायचं काय त्यात? आवाजावरून कळतं."

बॉनेट उघडलं ते नवी वायर आत ओढण्यापुरतंच. वायरचं एक टोक ठिणगीच्या कॉइलला चिकटवलं. आता दुसऱ्या टोकाला करंट हवा होता. फाटकापाशी उतार होता, म्हणून त्यांनी बायकोला चालकाच्या जागी बसवलं आणि "काही झालं तरी ब्रेकवरचा पाय हलवू नकोस" असं बजावून स्वतः डॅशबोर्डखाली शिरले. तिथं वायरींचा नुसता गुंता होता. एकेकीला टेस्टरचा दिवा लावत गेले. एका हिरव्या वायरीला लावताच दिवा लख्ख पेटला.

"सापडली!" डॉक्टर खालून ओरडले. तिथंच वायर पिळून जोडली आणि वर चिकटपट्टीचे इतके फेरे मारले की मोडलेल्या हाडालाही तेवढं प्लास्टर कोणी घालत नाही. "मार किल्ली!"

गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली. डॉक्टर बाहेर आले, कपड्याला हात पुसत इकडेतिकडे पाहिलं. बघायला कोणी नव्हतं, ही एवढीच खंत.

बायकोनं गिअर टाकला, ब्रेक सोडला. गाडी बंद.

"क्लच हळू सोड."

पुन्हा सुरू. पुन्हा बंद.

"घाबरतेस तू. सरक तिकडे." ते स्वतः बसले. सुरू. बंद. सुरू. बंद. "पेट्रोलमध्ये कचरा असणार," त्यांनी निदान बदललं.

"अहो, ब्रेकवरून पाय उचलला की बंद पडते."

"अगं, ब्रेक हा थांबवण्यासाठी असतो. चालवण्यासाठी नसतो. एवढं साधं..."

ती गाडीच्या मागे जाऊन उभी राहिली. "आता सुरू करा. पाय उचला." मग शांतपणे म्हणाली, "मागचा लाल दिवा विझला की इंजिन विझतं."

डॉक्टरांचे कान तापले. आपण वायर शोधत होतो तेव्हा हिचा पाय ब्रेकवर होता. ठेवायला आपणच सांगितला होता. म्हणजे ती हिरवी वायर ब्रेकच्या दिव्याची! पाय दाबला की तिच्यात करंट, सोडला की गायब. जोड सोडवायचा तर ते प्लास्टर कापण्यातच परीक्षा संपली असती.

"उपाय आहे," ते म्हणाले. "ब्रेक किंचित दाबला तर दिवा लागतो, पण चाक धरत नाही."

बायको पुन्हा चालकाच्या जागी बसली, पण तिचा एक पाय क्लचवर आणि दुसरा ॲक्सिलरेटरवर अडकलेला. मागच्या सीटवर छत्री पडलेली होती. ते शेजारच्या सीटवर कमरेत वाकून, डॅशबोर्डखाली डोकं घालून बसले आणि छत्रीचं टोक ब्रेकवर टेकवलं. गाडी निघाली. मागचे दिवे अखंड लाल, त्यामुळे मागून येणारा प्रत्येक जण कचकचून ब्रेक मारत होता आणि मग पुढे निघून जाताना काहीतरी बोलत होता. खड्डा आला की छत्री निसटायची, इंजिन गप्प. गडबडीत ती जोरात दाबली जायची, की गाडी नाक टेकायची.

"हलक्या हातानं हो!" बायको म्हणाली. "असं इंजेक्शन दिलं तर पेशंट मला मारेल."

मैदानावर परीक्षक खुर्ची टाकून बसले होते. तिनं आठच्या आकड्याचं पहिलं वळण अगदी सुबक घेतलं. परीक्षकांनी हात वर करून गाडी थांबवली आणि खिडकीतून वाकून पाहिलं.

"बाई, तुमच्याबरोबर एक गृहस्थ आले होते ना?"

"आहेत ना. खाली आहेत."

"खाली काय करतायत?"

"गाडी चालू ठेवतायत."

डॉक्टरांनी छत्री न सोडता मान वर काढली आणि हसून दाखवलं. परीक्षक हसले नाहीत.

"ब्रेक तुमच्या ताब्यात आहे, म्हणजे अर्धी गाडी तुम्हीच चालवताय. लायसन्स?"

डॉक्टरांनी पाकिटातून ऐटीत काढून दिलं. परीक्षकांनी ते डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं. "याची मुदत संपून तीन वर्षं झाली."

"मुदत असते?" डॉक्टरांनी विचारलं. लायसन्स म्हणजे दहावीचं सर्टिफिकेट, एकदा मिळालं की जन्माचं, अशी त्यांची पक्की समजूत होती.

"असते. आणि इतकी उलटली की परीक्षा नव्यानं द्यावी लागते. शिकाऊपासून. उतरा."

बायकोचा चेहरा पाहून परीक्षकांनी ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवर परीक्षा द्यायची तिला मुभा दिली. त्या गाडीचा ब्रेक, ब्रेकसारखा वागत होता. तिनं आठचा आकडा एकदाही न थांबता पुरा केला.

तेवढ्या वेळात डॉक्टरांनी, कोणाच्या नजरेला नजर द्यावी लागू नये म्हणून, बॉनेट उघडून त्यात तोंड लपवलं. समोरच कॉइलची जुनी वायर आपल्या टोकापासून सुटून लोंबत होती. त्यांनी आपली नवी वायर उपटून काढली, जुनी अंगठ्यानं दाबली. टक् असा आवाज झाला. किल्ली फिरवली, ब्रेकला पायही लावला नाही, तरी इंजिन गुरगुरू लागलं.

बायको लायसन्सची पावती घेऊन आली तेव्हा त्यांनी खालमानेनं सगळं सांगितलं.

"म्हणजे पेशंट न तपासताच ऑपरेशन," ती म्हणाली. "आमच्याकडेही एक आहेत तसे." आणि चालकाच्या जागी जाऊन बसली.

घराच्या फाटकापाशी तळमजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर उभे होते. बायकोला गाडी सफाईनं आत घेताना पाहून ते थक्कच झाले.

"वा! तुम्हीच शिकवलंत वाटतं यांना?"

"नाही हो," डॉक्टर म्हणाले, "आता तीच मला शिकवणार आहे."

"बघा!" हेडमास्तर गहिवरले. "एवढं येत असून केवढा हा विनय!"

डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं. ती गाडीचा दरवाजा लावण्यात गुंतली होती, पण तिचे खांदे हलत होते. दिवसभरात एकदा तरी गप्प बसावं, असं ठरवून डॉक्टर जिना चढू लागले.